पाणी खंयसून इला?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सप्ताहात भरलेल्या छंद-प्रदर्शनाच्या वेळी केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा नीटनेटका करून दिला आहे.)



सचिवांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. छत्तीस वर्षं बँकेत काढल्यामुळे मंजूर मर्यादेच्या बाहेर जायची मला सवय नाही. तरी दोन-चार मिनिटं वर गेली तर ओव्हरड्राफ्ट समजून सांभाळून घ्यावं.

काल संध्याकाळी आम्ही ही टेबलं लावत होतो. माझं ते कौलारू घर टेबलावर ठेवलं, तेवढ्यात तळमजल्यावरची आपली एक छोटी मैत्रीण आली. तिने घराला एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "आजोबा, घर छान आहे, पण भिंत एवढी घाण का? धुतली नाही का?" मी तिला म्हटलं, उद्या सगळ्यांसमोर सांगतो. तेव्हा आजचं हे भाषण म्हणजे तिच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

ज्याला इंग्रजीत डायोरामा म्हणतात, त्याला आपल्याकडे फार सोपा शब्द आहे : देखावा. पॅरिसमध्ये १८२२ साली दागेर नावाच्या चित्रकाराने मोठमोठे पडदे आणि उजेडाचा खेळ यांचा एक तमाशा उघडला, त्याचं नाव डायोरामा. पुढे संग्रहालयांनी तो शब्द उचलला. मी नोकरीच्या सुरुवातीला मुंबईत होतो. तेव्हा रविवारी म्युझियमला जायचो, आणि काचेमागे पेंढा भरलेले प्राणी, मागे रंगवलेलं रान असे देखावे बघत उभा राहायचो. पण आपण मालवणकर, आपल्याला देखावा कुणी शिकवायला नको. गणपतीत घरोघरी होतो आणि दिवाळीत पोरं मातीचा किल्ला करतात, तोही देखावाच.

मला या छंदाची खरी गोडी लागली ती वाईला बदली झाली तेव्हा. घाटावर विटांची बांधकामं. जुन्या वाड्यांच्या विटा आजच्यापेक्षा पातळ, चपट्या. पुण्याचा शनिवारवाडा तुम्ही पाहिला असेल, तटाचा खालचा भाग दगडी आणि वरचा विटांचा. संध्याकाळी बँक सुटली की मी वाड्यांच्या भिंती बघत हिंडायचो आणि घरी येऊन पुठ्ठ्यावर त्या उतरवायचा प्रयत्न करायचो. पहिली भिंत मी झकास लाल रंगवली आणि पांढऱ्या रेघा मारल्या. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "ही शाळेच्या गॅदरिंगची भिंत झाली." खरंच होतं ते. एकाच डब्यातून काढलेल्या रंगासारखी भिंत कुठेच नसते.

मग हळूहळू कळत गेलं. ते आता थोडक्यात सांगतो, म्हणजे कुणाला करून बघायचं असेल तर उपयोगी पडेल.

माझं माप असं : एक इंच म्हणजे दोन फूट. नऊ इंची वीट या मापात साडेनऊ मिलिमीटरची होते. जुन्या बॉक्सफाइलचा जाड पुठ्ठा घ्यायचा. त्यावर कागदाचा लगदा, खडूची भुकटी आणि फेव्हिकॉल यांचा लेप द्यायचा. तो अर्धवट ओला असतानाच संपलेल्या बॉलपेनच्या टोकाने विटांच्या रेघा कोरायच्या. वरच्या थराचा सांधा खालच्या विटेच्या मध्यावर आला पाहिजे, नाहीतर ती भिंत खऱ्या जगात उभीच राहणार नाही.

लेप पूर्ण वाळल्यावर सगळ्या भिंतीला विटेचा एक मधला रंग द्यायचा. मग दर पाच-सहा विटांत एक वेगळी रंगवायची. एखादी पिवळट, एखादी जांभळट, एखादी जास्त भाजलेली काळपट. भट्टीत सगळ्या विटांना सारखी आच लागत नाही, म्हणून हा फरक. पण अतिरेक केलात तर भिंतीची गोधडी होते. त्यानंतर सांध्यांत पातळ पांढुरका रंग सोडायचा आणि वरचा फडक्याने टिपून घ्यायचा. तो वाळला की काळा-तपकिरी रंग चहाच्या पाण्याइतका पातळ करायचा, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकायचा. साबणामुळे रंग वर थेंबाथेंबाने साचत नाही, सरळ फटीत उतरतो. शेवटी फिकट रंगात ब्रश बुडवायचा, वर्तमानपत्रावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसायचा आणि भिंतीवरून अलगद फिरवायचा. रंग फक्त उंचवट्यांना लागतो आणि सपाट पुठ्ठ्याची वीट होते.

निवृत्त होऊन इथे राहायला आलो आणि अडचण झाली. आपल्याकडे वीट कुठे आहे? आपल्याकडे चिरा. घर चिऱ्याचं, विहीर चिऱ्याची, परड्याचा गडगा चिऱ्याचा. आपल्या या इमारतीचे खांब-तुळया काँक्रीटच्या असल्या, तरी प्लास्टरच्या आत भिंतीला चिराच आहे. गंमत अशी की या जांभ्या दगडाचं इंग्रजी नाव लॅटराइट, आणि त्याचा अर्थ विटेशीच जोडलेला आहे. फ्रान्सिस बुकानन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने मलबारात लोक हा दगड खाणीतून मऊ असताना कापतात आणि तो हवेवर कडक होतो असं पाहिलं. १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला हे नाव दिलं. म्हणजे वीट सोडून मी चिऱ्याकडे आलो असं वाटलं, तरी नावापुरता विटेतच राहिलो.

चिरा रंगवायला विटेपेक्षा अवघड. त्याला भोकं असतात. ती टूथब्रश आणि नारळाच्या काथ्याने ओल्या लेपावर ठोकून उमटवावी लागतात. रंगही एक नाही. तांबडा, पिवळा, जांभळट, सगळे एकाच दगडात. मी विकतचे रंग कमीच वापरतो. काव, पिवडी, चुना आणि चुलीची काजळी एवढ्यात काम होतं.

एक फजिती सांगायलाच हवी. सुरुवातीला मी थर्माकोल वापरायचो. एका गणपतीत मोठी भिंत कोरली, पंधरा दिवस खपलो. शेवटचा हात म्हणून दुकानातला स्प्रेचा रंग मारला. बघता बघता भिंत खड्डे पडून वितळायला लागली! त्या रंगातलं द्रावण थर्माकोल खातं, हे मला ठाऊक नव्हतं. नातू टाळ्या वाजवून म्हणाला, "आजोबा, आता खरी जुनी झाली." पुढे २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदीच आली आणि मी कायमचा पुठ्ठ्याकडे वळलो.

आता त्या घराकडे येतो.

टेबलावरचं घर हे आचऱ्याचं आमचं वडिलोपार्जित घर आहे. आज ते जागेवर नाही. फोटो, आठवण आणि जोत्यावर घेतलेली मापं यांवरून मी ते केलं. आमचा चिरा चौदा इंच लांब आणि सात इंच उंच, म्हणजे माझ्या मापात पंधरा मिलिमीटर बाय साडेसात. चुन्याची सफेदी उडून आतला चिरा दिसतो ना, तिथे मी मीठ वापरलं आहे. आधी चिरा रंगवायचा. वाळला की हव्या त्या जागी पाण्याचा हात लावून जाडं मीठ टाकायचं, वाळल्यावर वरून चुन्याचा रंग मारायचा आणि मग मीठ नखाने खरवडून काढायचं. सफेदीचे पोपडे निघाल्यासारखं दिसतं.

घर पूर्ण झाल्यावर मला वाटलं, जुनेपणा अजून कमी आहे. म्हणून मी छपराखालून काळ्या रेघा ओघळवल्या, चांगल्या दहा-बारा. दिसायला फार सुरेख. ज्याने त्याने कौतुक केलं.

त्याच सुमारास आमच्या किचनचा ओटा दुरुस्त करायला एक वयस्क गवंडी आले होते. जुन्या पद्धतीचं चिऱ्याचं काम केलेला माणूस. चहा पिता पिता त्यांनी घराकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "सायबानू, घर बरा झाला. पण ह्यो काळो डाग हंयसर कसो? पाणी खंयसून इला?"

मी म्हटलं, "पावसाचं पाणी. वरून."

"वयरसून इला म्हणजे कौल फुटला. खंयचा कौल फुटला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग त्यांनी मला समजावून सांगितलं. कौलारू घराचं छप्पर भिंतीच्या बाहेर दोन-अडीच फूट आलेलं असतं. पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात. त्यामुळे भिंतीचा वरचा भाग कोरडा आणि बऱ्यापैकी स्वच्छ राहतो. खराब होतो तो खालचा दीड-दोन फुटांचा पट्टा. पागोळ्या जमिनीवर आपटतात, तांबड्या मातीचे शिंतोडे उडतात, तिथे शेवाळ धरतं. शेवाळ पावसात हिरवं आणि चैत्रात वाळून काळं. जमिनीतली ओल वर चढते तिथे लोणा फुलतो. गडग्याला वर छप्पर नाही, म्हणून तो माथ्यापासून काळा. मी मात्र गडग्याचे डाग घराला लावले होते.

बघा, वाईपासून इथपर्यंत मी हजारो विटा रंगवल्या, आणि हा साधा प्रश्न मला कधी पडला नव्हता. डाग म्हणजे रंग नव्हे. डाग म्हणजे पाण्याने चाललेली वाट. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इथल्या भिंती पाऊसच रंगवतो.

मी त्या सगळ्या रेघा पुसल्या. पुन्हा चुना दिला, खाली तांबडे शिंतोडे उडवले. टूथब्रश पातळ रंगात बुडवून अंगठ्याने बोटभर मागे ओढला की ते उडतात. सगळं झालं. फक्त एक काळी रेघ मी ठेवली. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यावरची. आमच्या छोट्या मैत्रिणीने नेमकं तिच्यावरच बोट ठेवलं.

ती रेघ खरी आहे. तिथलं कौल खरंच सरकलं होतं.

वडील होते तोवर दर वैशाखात घर शाकारून घेतलं जायचं. ते गेल्यावर घर आम्हा तिघा भावांचं सामायिक झालं. एक मुंबईला, एक पुण्याला आणि मी इथे मालवणात, घरापासून सर्वांत जवळ. २०१८ च्या पावसानंतर शेजाऱ्यांनी फोन करून सांगितलं की कोपऱ्यावरची दोन-तीन कौलं सरकली आहेत, भिंतीवर ओघळ दिसतो. मी भावांना कळवलं. मग चर्चा सुरू झाली. खर्च तिघांत सारखा, की जो वापरतो त्याने करायचा? आंब्याचं उत्पन्न कोण घेतं? आधी वाटणी करू आणि मग दुरुस्ती, की आधी दुरुस्ती? दोन उन्हाळे यात गेले. हिशेब मीच ठेवत होतो, कारण बँकेतला ना! लोकांच्या घरांची कर्जं मंजूर करताना भिंतीला ओल दिसली की मी शेरा मारायचो. आणि स्वतःच्या घराची तीन कौलं बदलायला मला ठराव लागत होता.

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आलं. आपल्या किनाऱ्यावर काय झालं ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. आमच्या घराचं त्या कोपऱ्यावरचं छप्पर उडालं. कोरोनाचे दिवस, माणूस मिळेना. पाऊस सुरू झाला आणि आषाढात तो कोपरा बसला. जुना चिरा मातीत बांधलेला होता, माती भिजली की चिऱ्याला धरायला काही उरत नाही. पुढच्या उन्हाळ्यात उरलेलं घर उतरवून घ्यावं लागलं.

आम्ही सगळ्यांना सांगतो, वादळात घर गेलं. पण ती भिंत वादळाच्या आधी तीन पावसाळे भिजत होती. ते मला माहीत होतं. शेरा मारायला मात्र कुणी साहेब नव्हता.

मी घराचा फोटो दोन्ही भावांना पाठवला. धाकट्याने हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं. दादांचा दुसऱ्या दिवशी फोन आला. इकडचं तिकडचं बोलले आणि ठेवता ठेवता म्हणाले, "ती रेघ काढलीस ते बरं केलंस."

आता हे सगळं मी घरचं गाऱ्हाणं म्हणून सांगत नाही. याचा आपल्या सोसायटीशी संबंध आहे.

जुन्या सभासदांना आठवत असेल, बी विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एका बेडरूमच्या भिंतीला ओल यायची. वरच्या फ्लॅटचं बाथरूम गळतं असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. दोन कुटुंबांचं दोन वर्षं बोलणं बंद. गणपतीची आरतीसुद्धा वेगवेगळ्या वेळी. सर्वसाधारण सभेत हा विषय निघाला की लोक चहाची वाट बघायचे. गवंड्यांचं ते वाक्य माझ्या डोक्यात ताजं होतं. मी एप्रिलमध्ये जाऊन ती भिंत पाहिली. हाताला खडखडीत कोरडी. वरचं बाथरूम तर रोज वापरात! बाथरूम गळत असतं तर एप्रिलमध्येही ओल असती. म्हणजे पाणी पावसाचं. मग ते खंयसून इला?

खाली उतरून बाहेरून पाहिलं. डाग बाथरूमच्या बाजूला नव्हताच, तो खिडकीच्या छज्जाच्या पोटापासून सुरू होत होता. छज्जाच्या खालच्या बाजूला कडेलगत एक बोटभर रुंद खाच ठेवलेली असते. पाणी पोटाला चिकटून भिंतीकडे वळू नये, कडेलाच थेंब पडावा, म्हणून. वरचेवर प्लास्टरचे हात आणि रंगाचे थर देऊन देऊन आपण ती खाच बुजवून टाकली होती. पाणी आरामात पोटावरून चालत भिंतीत शिरत होतं. दोन दिवसांची मजुरी देऊन खाच मोकळी केली, भेगा बुजवल्या. पुढच्या पावसाळ्यात भिंत कोरडी राहिली. बाहेरच्या भिंतीची दुरुस्ती ही उपविधीप्रमाणे सोसायटीचीच जबाबदारी, त्यामुळे खर्च कुणी करायचा हा वादही उरला नाही. ती दोन्ही कुटुंबं आज इथे पुढच्या रांगेत शेजारी शेजारी बसली आहेत. मी नावं घेत नाही, पण ती हसताहेत ते दिसतंय.

यात माझी हुशारी काही नाही. प्रश्न गवंड्यांचा. मी फक्त या खेपेला तो वेळेवर विचारला. आचऱ्याला आम्ही "पैसे कोणाचे" इथून सुरुवात केली होती. इथे "पाणी कुठून" इथून केली. क्रम बदलला, एवढंच.

इमारतीला पंचवीस वर्षं झाली. रंगकामाचा विषय येत्या सभेत आहे. माझी कार्यकारिणीला एकच विनंती आहे. रंगाचा शेड निवडण्याआधी भर पावसात एकदा छत्री घेऊन चारही बाजूंनी इमारतीला चक्कर मारा. मी बरोबर येईन. डाग दिसेल तिथे थांबू आणि वर बघू.

आता मुलांसाठी. गेल्या दिवाळीत तुम्ही खाली सिंधुदुर्ग केला होता. बुरूज छान, भगवा छान, पण तट सगळीकडे सारखाच करडा होता आणि त्यावर चुन्याच्या सरळ रेघा होत्या. माझी पहिली भिंतही तशीच होती, म्हणून मी हसलो नाही. यंदा आपण किल्ला करण्याआधी बघायला जाऊ. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ ला त्याचा पाया घातला. पूजा झाली तो मोरयाचा धोंडा आपल्या किनाऱ्यावरच आहे. आता २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले घेतले, त्यांत हा आहे. होडीतून जाताना तटाकडे नीट बघा. अगदी खाली भरतीच्या पाण्याची रेघ, तिथे शेवाळ आणि कालवं. त्याच्या वर लाटांच्या फवाऱ्याचा पट्टा. आणखी वर सांध्यांतून उगवलेलं गवत. साडेतीनशे वर्षांहून जास्त काळ समुद्र तो तट रंगवतो आहे. तुम्ही वहीत फक्त तीन पट्टे काढून आणा. रंग मी देतो.

माझी वेळ संपली. शनिवारी चार वाजता मी या टेबलाशी बसणार आहे. ज्यांना भिंत करून बघायची असेल त्यांनी एक जुना टूथब्रश आणि एक संपलेलं बॉलपेन आणावं. मोठ्यांनीही यायला हरकत नाही. घराला हात लावून बघितलात तरी चालेल, पडणार नाही. फक्त ती कोपऱ्यावरची रेघ कुणी पुसू नका.